दुसऱ्या शहरातला स्मार्ट प्रकल्प आपल्या शहरात आणताना: युरोपातल्या शहरांसाठी कामाचा क्रम

एका शहराचे पथक दुसऱ्या शहरात जाते. तिथले स्मार्ट पथदिवे पाहते: रस्ता रिकामा असला की मंद होणारे, खांबावरून हवेची प्रत मोजणारे, खाली उभी असलेली गाडी चार्ज करणारे. फोटो निघतात, कंपन्यांची पत्रके पिशवीत येतात आणि परतल्यावर लगेच निविदेचा मसुदा सुरू होतो. सात-आठ महिन्यांनी कायदा विभागाकडून एक साधा प्रश्न येतो: हे खांब आपल्या पालिकेच्या मालकीचे आहेत का? नसतात. मसुदा कपाटात जातो.

हे मी एकाहून अधिक शहरांत पाहिले आहे. त्या माणसांची मेहनत किंवा हुशारी कुठेच कमी नव्हती. कामाचा क्रम चुकला होता. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. युरोपातल्या पालिकांत, सल्लागार संस्थांत काम करणारे मराठी वाचक डोळ्यांसमोर आहेत. तसेच पुण्यात बसून युरोपीय शहरांच्या निविदांसाठी कागद आणि सॉफ्टवेअर तयार करणारेही. मुख्य उदाहरण पथदिव्यांचे घेतले आहे, कारण मालकी, वीज, माहिती, पैसा आणि कायदा हे सगळे प्रश्न त्या एकाच खांबावर भेटतात.

चार शब्द आधी पक्के करू. ज्या शहराने उपाय आधी करून दाखवला ते लाइटहाउस शहर. ते पाहून आपल्याकडे करणार ते फेलो शहर. युरोपीय संघाच्या होरायझन २०२० या कार्यक्रमात (२०१४–२०२०) अशा जोड्या जमवल्या गेल्या. उदाहरणार्थ शेअरिंग सिटीज प्रकल्पात लंडन, लिस्बन आणि मिलान ही लाइटहाउस होती, तर बोर्दो, वॉर्सा आणि बुर्गास ही फेलो. तिसरा शब्द विस्तार. एकाच शहरात एका गल्लीतून सगळ्या शहरात जाणे म्हणजे विस्तार. चौथा शब्द पुनरावृत्ती, म्हणजे दुसऱ्या शहरात नव्याने करणे. विस्तारात कायदा, मालक, वीजदर तेच राहतात, फक्त आकडा वाढतो. पुनरावृत्तीत आकडा लहान असला तरी बाकी सगळे बदलते. या दोन्हींसाठी एकच आराखडा लिहिलेला दिसला तर तो परत पाठवा.

## टप्पा १: पाहायला जाण्याआधी आपली अडचण एका पानावर लिहा

पानावर उपायाचे नाव नको, अडचण हवी. "आम्हाला स्मार्ट खांब हवेत" ही अडचण नव्हे. "पथदिव्यांचे वीजबिल पालिकेच्या एकूण वीजखर्चाचा मोठा भाग आहे, बंद दिव्याची तक्रार आल्यापासून दुरुस्तीला सरासरी इतके दिवस लागतात, आणि इतके दिवे पुढच्या पाच वर्षांत बदलायला येणार आहेत" ही अडचण.

यासाठी किमान बारा महिन्यांची नोंद हवी. युरोपात हे विशेष महत्त्वाचे आहे. स्वीडनमधल्या उमेओ शहरात डिसेंबर आणि जून यांच्या काळोखात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे तीन महिन्यांच्या मोजणीवरून वर्षाचा अंदाज बांधता येत नाही.

पानावर या गोष्टी याव्यात:

- दिव्यांची संख्या, प्रकार आणि प्रत्येकाचे वय
- वर्षाचा वीजवापर किलोवॅट-तासांत (रक्कम वेगळ्या ओळीत)
- वीज मीटरवर मोजली जाते की ठरावीक हिशेबाने आकारली जाते
- देखभाल कोण करते आणि त्यांचा करार कधी संपतो
- शेवटचा मोठा बदल केव्हा झाला

शेवटच्या ओळीवर पुष्कळ काही अवलंबून असते. चार वर्षांपूर्वी सगळे सोडियम दिवे काढून एलईडी बसवले असतील, तर वीजबचतीचा मोठा घास खाऊन झालेला आहे. त्या एलईडींना नंतर सेन्सर किंवा नियंत्रक जोडण्यासाठी नेमा किंवा झागा बुक १८ पद्धतीचे सॉकेट असेल तर काम सोपे. नसेल तर प्रत्येक दिवा उतरवावा लागतो आणि सगळा हिशेब फिरतो.

तपासा: हे पान देखभाल विभागातल्या माणसाने वाचून "हो, असेच आहे" म्हटले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: मालकी आणि वीजजोडणी शोधा

बहुतेक शहरे हा टप्पा शेवटी करतात आणि तिथेच अडकतात. तो दुसरा ठेवा.

युरोपात पथदिव्याच्या खांबाचा मालक देशागणिक बदलतो. इटलीत अनेक गावांतले खांब वर्षानुवर्षे वीज कंपनीच्या नावावर होते आणि पालिकेला ते आधी किंमत मोजून ताब्यात घ्यावे लागले. पोर्तुगालमध्ये कमी दाबाच्या वीजवितरणाचा हक्क पालिकांचा असला तरी तो सवलत-कराराने (ठरावीक मुदतीसाठी सेवा चालवायला देण्याच्या कराराने) वितरण कंपनीकडे जातो आणि पथदिवेही सहसा त्याच करारात येतात. जर्मनीत अनेक ठिकाणी शहराच्याच मालकीची, पण स्वतंत्रपणे चालणारी श्टाटवेर्के ही कंपनी मधे असते. इंग्लंडमध्ये काही कौन्सिलांनी दिव्यांसाठी खासगी भागीदाराशी पंचवीस वर्षांचे करार केलेले आहेत. त्या खांबाला एक पेटी टांगायची तरी करारात दुरुस्ती लागते.

म्हणून लाइटहाउस शहराला पहिला प्रश्न "दिवा कोणत्या कंपनीचा" हा विचारू नका. "खांब कोणाचा, वायर कोणाची, बिल कोणाच्या नावावर" हे तीन प्रश्न विचारा. तेच तीन स्वतःलाही विचारा. उत्तरे जुळली नाहीत, तर तो उपाय आपल्याकडे वेगळ्याच करारातून आणावा लागेल, हे पहिल्या महिन्यातच कळते.

आता वीज. जुन्या पथदिव्यांची पूर्ण ओळ एकाच फीडरवरून (पुरवठ्याच्या मुख्य तारेवरून) संध्याकाळी चालू आणि पहाटे बंद होते. म्हणजे दिवसा खांबात वीजच नसते. दिव्याला त्याने काही होत नाही. पण हवेची प्रत मोजणारा सेन्सर, कॅमेरा, वाय-फाय किंवा गाडीचे चार्जर यांना चोवीस तास वीज लागते. मग एकतर फीडर कायम चालू ठेवून प्रत्येक दिव्याला स्वतःचा नियंत्रक द्यायचा, नाहीतर वेगळी वायर ओढायची. रस्ता खणावा लागला तर खर्चात दिव्याची किंमत किरकोळ ठरते.

सावधान: खांबाची भार पेलण्याची ताकदही याच टप्प्यात तपासून घ्या. पन्नास वर्षांपूर्वीचा खांब एका दिव्याच्या वजनासाठी आणि वाऱ्याच्या दाबासाठी बनलेला असतो. वर चार पेट्या चढल्या की वाऱ्याचा हिशेब बदलतो. जर्मनीत अशा बहुउपयोगी खांबांसाठी डीआयएन स्पेक ९१३४७ हा दस्तऐवज आहे. जर्मनीबाहेरच्या शहरांनीही तो तपासयादी म्हणून जरूर वाचावा.

## टप्पा ३: लाइटहाउस शहराचा उपाय थर काढून पाहा

आता भेटीला जा. सोबत कायदा विभागाचा एक, अर्थ विभागाचा एक आणि देखभाल विभागाचा एक माणूस हवा. फक्त नवोपक्रम विभागाने जाऊन येणे पुरेसे नाही.

प्रत्येक उपायाखाली पाच थर असतात: वस्तू, माहिती, माणसे, पैसा, कायदा. भेटीत वस्तू दाखवतात. उरलेले चार थर तुम्ही खणून काढायचे असतात.

घरांच्या नूतनीकरणाच्या एनर्जीस्प्राँग या पद्धतीवरून हे नीट समजेल. नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत जुन्या घरावर कारखान्यात तयार झालेले उष्णतारोधक आवरण आणि नवे छप्पर काही दिवसांत बसवतात. घर वर्षभरात जेवढी ऊर्जा वापरते साधारण तेवढीच निर्माण करते. पाहणाऱ्याला ते आवरण दिसते. पण त्याखाली तीन डच गोष्टी होत्या. एकसारख्या रांगेतली, एकाच काळात बांधलेली हजारो घरे. ती घरे ताब्यात असलेल्या मोठ्या गृहनिर्माण संस्था. आणि २०१६ चा एक कायदा, ज्याने त्या संस्थांना भाडेकरूकडून वीज-गॅसच्या बिलाऐवजी ऊर्जा-कामगिरी शुल्क घेण्याची मुभा दिली. नूतनीकरणाचा पैसा त्या शुल्कातून परत येतो.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये ही पद्धत रेमोर्बन या युरोपीय प्रकल्पातून आली, तेव्हा रांगेतली घरे होती, पालिकेची गृहसंस्था होती, पण तसा कायदा नव्हता. भाडेकरूंबरोबर वेगळी शुल्क-योजना आखावी लागली. आवरणाचे तंत्र प्रवासाला सोपे होते. पैसा परत येण्याची वाट नव्याने बांधावी लागली.

भेटीत हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या:

१. अनुदान संपल्यावर देखभालीचा पैसा कोणत्या खात्यातून येतो?
२. सुरुवातीचे उद्दिष्ट किती होते आणि शेवटी किती झाले? कमी झाले असेल तर नेमके कशामुळे?
३. हे काम आज पुन्हा करायचे झाले तर काय वगळाल?
४. कोणता नियम, परवानगी किंवा ठराव नसता तर हे झालेच नसते?
५. यात किती माणसांचे किती महिने गेले, आणि ती माणसे आज कुठे आहेत?

पाचवा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. युरोपीय अनुदानातून नेमलेली माणसे मुदत संपली की निघून जातात आणि सगळी समज त्यांच्याबरोबर जाते. शक्य असेल तर प्रकल्प-व्यवस्थापकाबरोबरच दुरुस्तीच्या गाडीवरच्या मुकादमाशीही अर्धा तास बोला. खांबाच्या दारातून पाणी शिरल्याने बंद पडणारे नियंत्रक, अ‍ॅपमध्ये चुकीच्या जागी दिसणारे खांब ही माहिती त्याच्याकडे असते.

युरोपीय निधीतून झालेल्या प्रकल्पांचे बरेचसे अहवाल कॉर्डिस या युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर खुले असतात. आधी पहिल्या वर्षाचा आणि मग शेवटच्या वर्षाचा अहवाल वाचा. कोणत्या ओळी गळाल्या ते शोधा. मला स्वतःला भेटीपेक्षा या वाचनातून जास्त शिकायला मिळाले आहे.

## टप्पा ४: आपल्या मातीशी जुळवून बघा

इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: दुसऱ्या शहरातून किलोवॅट-तास आणा, युरो आणू नका. बचत ऊर्जेच्या एककात घ्या आणि आपल्या वीजदराने गुणा. एका देशात सहा वर्षांत पैसे परत देणारा दिवा स्वस्त विजेच्या देशात बारा वर्षे घेऊ शकतो. उष्णतापंपांचे गणित तर वीज आणि गॅस यांच्या दरांच्या गुणोत्तरावरच उभे असते, आणि ते गुणोत्तर देशोदेशी खूप वेगळे आहे.

हवामान पुढचे. वर्षभरात पथदिवे किती तास जळतात हा आकडा युरोपात उत्तर-दक्षिण फारसा बदलत नाही. तो साधारण चार हजार तासांच्या आसपास राहतो. पण ते तास वर्षात कसे वाटले जातात ते पूर्ण बदलते. लिस्बनमध्ये सौरऊर्जेवर चालणारा बॅटरीचा दिवा हिवाळ्यातही निभावून नेतो. उत्तर स्वीडनच्या डिसेंबरात दिवस जेमतेम उजाडतो आणि रात्र संपत नाही. तिथे तोच दिवा विझेल. वार्षिक सरासरीच्या कोष्टकात हा फरक दिसतच नाही. महिन्यानुसार कोष्टक मागा.

घरांच्या प्रकल्पांत सगळ्यात मोठा फरक मालकीचा. रुमानियात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक स्वतःच्या घरात राहतात, जर्मनीत जवळपास निम्मे भाड्याने. जर्मन शहरात एका गृहकंपनीच्या संचालकांचे मन वळवले की शेकडो घरे हाती येतात. रुमानियातल्या तसल्याच इमारतीत प्रत्येक जिन्यावर चर्चा करावी लागते. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको.

एस्टोनियातले टार्टू शहर इथे बघण्यासारखे आहे. स्मार्टएनसिटी प्रकल्पात तिथल्या सोव्हिएत काळातल्या दीड डझनाच्या आसपास इमारतींचे नूतनीकरण झाले. एस्टोनियात सदनिकाधारकांची सोसायटी ही कायद्याने पक्की, कर्ज घेऊ शकणारी संस्था आहे. टार्टूचा निर्णय त्या सोसायट्यांच्या सभांतून गेला. पुढे इमारतींच्या भिंतींवर मोठी चित्रेही रंगली. ज्या देशात अशी सोसायटी दुबळी आहे किंवा तिला कर्ज मिळत नाही, तिथे टार्टूची नक्कल करण्याआधी सोसायटीचे घर बांधावे लागेल, मग इमारतीचे.

तपासा: पाच थरांपुढे तीन रकाने आखा: "जसेच्या तसे चालेल", "बदलून चालेल", "आमच्याकडे नाहीच". तिसऱ्या रकान्यात दोनांहून जास्त नोंदी आल्या तर दुसरा उपाय शोधा. ते अपयश नव्हे. इतक्या लवकर कळले हे भाग्य.

## टप्पा ५: माहितीचा प्रश्न खरेदीच्या आधी सोडवा

२०१४ ते २०१९ दरम्यान उभे राहिलेले बरेच उपाय आजच्या कायद्यांच्या आधीचे आहेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू झाला. जोडलेल्या उपकरणांच्या माहितीवर वापरणाऱ्याचा हक्क सांगणारा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. सायबर सुरक्षेच्या नव्या कायद्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ मध्ये येतील. म्हणजे लाइटहाउस शहरात २०१७ साली रीतसर बसवलेली वस्तू आज आपल्याकडे तशीच बसवणे बेकायदा ठरू शकते.

हे कागदी भय नाही. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे शहराने मध्यवर्ती भागातली गर्दी मोजण्यासाठी फोनच्या वाय-फाय संकेतांचा वापर केला. २०२१ मध्ये तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने पालिकेला ६,००,००० युरोंचा दंड सुनावला. पालिकेने त्याविरुद्ध दाद मागितली. पण निकाल काहीही लागो, मोजणीच्या एका पेटीपायी पालिकेची माणसे वर्षानुवर्षे वकिलांबरोबर बसावीत हे कुणालाच परवडत नाही. जीडीपीआरच्या कलम ३५ मधले परिणाम-मूल्यांकन (लोकांच्या खासगीपणाला काय धोका आहे याची तपासणी) उपकरण घेण्याआधी करा. बसवल्यावर केलेले मूल्यांकन म्हणजे घर बांधून झाल्यावर काढलेला नकाशा.

दुसरा धोका एका पुरवठादारात किंवा एका जाळ्यात अडकण्याचा. सिगफॉक्स या सेन्सर-जाळ्याची फ्रेंच कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडे आली. जर्मनीत २०२१ मध्ये थ्री-जी जाळी बंद झाली. खांब तीस वर्षे उभा राहतो, त्यावरचा मोडेम तितका टिकत नाही. म्हणून दिवा, नियंत्रक, जाळे आणि सॉफ्टवेअर या चार गोष्टी सुट्या बदलता येतील असा करार करा. पथदिव्यांत टाल्क हे मानक नियंत्रण-सॉफ्टवेअर आणि उपकरणे यांना वेगळे राहू देते. शहराच्या एकूण माहितीसाठी एटसी या युरोपीय मानक-संस्थेचे एनजीएसआय-एलडी मानक आणि ओपन अँड अ‍ॅजाइल स्मार्ट सिटीज या जाळ्याने पुढे आणलेल्या किमान आंतरजोडणी यंत्रणा (वेगवेगळ्या प्रणाली एकमेकींशी जोडता याव्यात म्हणून ठरवलेल्या किमान अटी) आधार म्हणून घ्या.

सॉफ्टवेअरच्या पुनरावृत्तीचे सर्वांत चांगले उदाहरण मला डेसिदिमचे वाटते. नागरिकांच्या सहभागासाठी बार्सिलोनाने २०१६ मध्ये आपले व्यासपीठ सुरू केले, ते आधी माद्रिदच्या कॉन्सुल या सॉफ्टवेअरवर. पुढे गरजा वेगळ्या निघाल्या म्हणून नव्याने लिहिले आणि मुक्त परवान्याखाली खुले केले. हेलसिंकीचे ओमास्टाडी हे सहभागी अंदाजपत्रक त्यावर चालते. युरोपच्या भविष्यावरच्या परिषदेचे व्यासपीठही त्यावर होते. ते इतक्या ठिकाणी गेले, कारण परवाना स्पष्ट होता, भाषांतराची सोय मुळातच होती आणि सुधारणा करणारा समुदाय एका पालिकेपुरता नव्हता. तुम्ही घेत असलेल्या सॉफ्टवेअरला या तिन्ही कसोट्या लावा.

सावधान: करारात "माहिती शहराची" एवढे एक वाक्य पुरत नाही. ती कोणत्या स्वरूपात, किती वेळाने, कोणत्या खर्चात मिळेल आणि करार संपल्यावर किती दिवसांत पूर्ण परत मिळेल, ही चारही उत्तरे लिहून घ्या.

## टप्पा ६: पैसा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. लाइटहाउस प्रकल्पांना प्रत्येकी दोन-अडीच कोटी युरोंच्या घरात निधी मिळे, त्यामुळे फेलो शहरांनाही मिळेल असे अनेकांना वाटते. त्यातला मोठा वाटा लाइटहाउस शहरांतल्या प्रत्यक्ष कामाला जाई. फेलो शहराला मुख्यतः अभ्यास, भेटी आणि आराखडा यांचे पैसे मिळत. दिवे, वायर, आवरणे यांचा पैसा स्वतःच उभारायचा असतो.

तो कुठून? तयारीसाठी युरोपीय गुंतवणूक बँकेची एलेना सुविधा २००९ पासून आहे. ती तयारीच्या मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान देते, पण त्या बदल्यात ऊर्जा-बचतीच्या कामांत अनुदानाच्या किमान वीसपट गुंतवणूक करून दाखवावी लागते, आणि साधारण ३ कोटी युरोंहून मोठे कार्यक्रम तिला अपेक्षित असतात. लहान शहराचा प्रकल्प तेवढा नसतो. उपाय: जिल्ह्यातली आठ-दहा गावे एकत्र करून एकच अर्ज. हे जमवायला वर्ष लागते, म्हणून तो फोन आज करा. गुंतवणुकीसाठी युरोपीय प्रादेशिक विकास निधी आहे. २०२१–२०२७ च्या नियमांनुसार प्रत्येक देशाने त्यातला किमान ८ टक्के वाटा शाश्वत नागरी विकासाला द्यायचा आहे. तो कोणत्या कार्यालयातून वाटला जातो हे देशानुसार बदलते.

ऊर्जा-बचत करार हाही मार्ग आहे: कंपनी गुंतवणूक करते, हमी दिलेल्या बचतीतून पैसे घेते. जोखीम खरोखर कंपनीवर असेल तरच ते कर्ज पालिकेच्या ताळेबंदात धरले जात नाही. संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट आणि गुंतवणूक बँक यांनी २०१८ मध्ये यावर मार्गदर्शिका काढली आहे. करारावर सही होण्याआधी ती अर्थ विभागाला वाचायला द्या.

खांबावरची जागा एखाद्या कंपनीला फुकट देणे ही राज्य-मदत, म्हणजे एका उद्योगाला सरकारकडून मिळालेला, नियमांनी बंधन घातलेला फायदा ठरू शकते. त्या नियमांतून सुटणाऱ्या लहान मदतीची मर्यादा २०२४ पासून एका उद्योगाला तीन वर्षांत ३,००,००० युरो आहे.

## टप्पा ७: निविदा

"मिलानमध्ये आहे तोच दिवा" असे लिहिता येत नाही. सार्वजनिक खरेदीच्या २०१४/२४ निर्देशाचे कलम ४२ ठरावीक ब्रँडला झुकते माप देणाऱ्या वर्णनाला मनाई करते. अपवादाने नाव आले तरी "किंवा समतुल्य" हवेच. ज्या कंपनीने लाइटहाउस शहरात काम केले तिला केवळ त्या अनुभवावर थेट नेमताही येत नाही. पुण्याहून अशा निविदा भरणाऱ्यांनी हे उलट्या बाजूने लक्षात घ्यावे: पायलटमध्ये नसल्याने तुमचा दरवाजा बंद नसतो.

क्रम असा ठेवा. आधी कलम ४० खालची बाजार-विचारणा: टप्पा १ चे पान खुले करा, कंपन्यांची मते घ्या. त्यातली सगळी माहिती पुढे सर्व बोलीदारांना द्या, नाहीतर आधी बोललेल्या कंपनीला फायदा दिला असा आक्षेप येतो. मग कामगिरीच्या भाषेत अटी लिहा: रस्त्यावर ईएन १३२०१ या रस्ते-प्रकाशाच्या युरोपीय मानकानुसार किती प्रकाश, बिघाड किती तासांत दुरुस्त, वर्षाला जास्तीत जास्त किती किलोवॅट-तास. जे बाजारात अजून मिळतच नाही अशासाठी कलम ३१ ची नवोपक्रम-भागीदारी आहे. पण सिद्ध झालेल्या पथदिव्यांसाठी ती वापरू नका, विनाकारण दोन वर्षे जातात.

खरेदीची उंबरठा-रक्कम, म्हणजे जिच्यापासून संघाचे निविदा-नियम लागू होतात ती, दर दोन वर्षांनी बदलते. २०२४–२५ साठी पालिकांच्या वस्तू-सेवांना ती २,२१,००० युरो होती. निविदा निघेल त्या वर्षाचा आकडा पाहा. रक्कम उंबरठ्याखाली राहावी म्हणून काम तुकड्यांत पाडणे हा नियमभंग आहे आणि तपासणीत तो हमखास सापडतो.

## टप्पा ८: छोटी चाचणी, पण योग्य प्रश्नाची

तंत्र चालते हे लाइटहाउस शहराने दाखवून दिलेले असते. तुमची चाचणी तुमच्या व्यवस्थेची आहे: तक्रार आल्यावर फोन कोण उचलतो, नियंत्रक बंद पडला तर कोणाचा माणूस जातो, बिलात बचत दिसते का.

म्हणून चाचणीसाठी टाऊन हॉलसमोरचा चौक घेऊ नका. जुन्या वायरिंगचा, झाडीचा, तक्रारींचा भाग घ्या. एक पूर्ण हिवाळा जाऊ द्या. सुरू करण्याआधी तीन आकडे आणि एक तारीख ठरावात लिहा: यापेक्षा कमी बचत, यापेक्षा जास्त बिघाड किंवा यापेक्षा जास्त तक्रारी आल्या तर थांबायचे. हे आकडे नंतर ठरवले तर प्रत्येक चाचणी यशस्वीच ठरते. मग पुढचा निर्णय नगरसभेत कोणत्या बैठकीत होणार, ती तारीखही आत्ताच मागून घ्या. चाचणी संपून निर्णय न झाल्याने बंद पडलेले सेन्सर मी खांबांवर पाहिले आहेत. त्यांच्या बॅटऱ्या बदलायला कोणाचे खातेच नव्हते.

## टप्पा ९: विस्तार आणि हस्तांतर

होकार मिळाला की पहिले काम उपकरणांचे नाही, नोंदवहीचे. प्रत्येक नवा नियंत्रक पालिकेच्या मालमत्ता-नोंदीत जाऊ द्या आणि देखभालीचा खर्च प्रकल्पाच्या खात्यातून काढून नेहमीच्या अंदाजपत्रकात घाला. भारतातल्या स्मार्ट सिटी मोहिमेत काम केलेल्यांना वेगळी कंपनी, वेगळे खाते याची सवय असते; युरोपात बहुतेक ठिकाणी तशी कंपनी नाही, त्यामुळे पालिकेच्या विभागाने काम आपले मानले नाही तर ते कोणाचेच राहत नाही.

विस्तार एकदम करू नका. दिवे जिथे तसेही बदलायला आले आहेत, रस्ता जिथे तसाही खणला जाणार आहे, त्या वेळापत्रकाला आपले काम बांधा. टप्पा १ च्या पानावरचे दिव्यांचे वय इथे उपयोगी पडते.

आता तुमच्याकडेही कुणीतरी पाहायला येईल. २०३० पर्यंत हवामान-तटस्थ होण्याच्या युरोपीय मोहिमेत २०२२ मध्ये संघातली १०० आणि बाहेरची १२ शहरे निवडली गेली. तिच्यासाठीच्या नेटझीरोसिटीज व्यासपीठावर शहरांच्या जोड्याही लावल्या जातात. त्या पाहुण्यांसाठी एक फोल्डर आजच सुरू करा: पाच थरांचे कोष्टक, मालकीची कागदपत्रे, माहिती-मूल्यांकन, निविदेच्या अटी, चाचणीचे तीन आकडे, बदललेली उद्दिष्टे आणि त्यांची कारणे. वर दुरुस्ती विभागाचा फोन नंबर लिहा.